तारा फुटला की जोडी तुटतेच? नाही रे भो!

रावेरला रात्रीची लाइट आली म्हणून मळ्यात मोटार चालू करायला गेलो, तर पुतण्या वर बघून म्हणे, काका, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीतला मोठा तारा फुटला की दुसरा उडूनच जातो ना? लहानपणी मलाही हेच सांगितलेलं. बऱ्याच जोड्या तुटतात, खरंय, पण सगळ्या नाही. मोठा तारा आधी फुगतो, त्याचं वरचं आवरण शेजाऱ्याकडे वाहून जातं, म्हणजे फुटताना तोच हलका झालेला असतो, आणि जोडीचं निम्म्याहून कमी वस्तुमान गेलं, धक्काही फार एकतर्फी नसला तर जोडी टिकते. मग दुसरा फुगतो, दोघं एकाच वायूत फिरत जवळ येतात, तोही फुटतो. १९७४ ला सापडलेली हल्स-टेलर जोडी बघा, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे, ७ तास ४५ मिनिटांत एक फेरी!