ऑर्डर फॉर्मवरचा 'भाषेचा कोड' कसा भरावा?

टॉवेल-चादरींची लेबलं, पॅकिंगवरचा मजकूर किंवा वेबसाइट परक्या भाषेत करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फॉर्मवरचा 'भाषेचा कोड' हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. मराठी, तेलुगू, कन्नड असेल तर काहीच हरकत नाही, आम्ही भरून घेतो. या भाषा सोलापुरात रोज कानावर पडतात. भाषा अनोळखी असली की मात्र विचारावंच लागतं, आणि किती विचारावं लागतं ते भाषेवर ठरतं.

एस्परान्तो आणि उझबेक या दोन भाषा घ्या. आयएसओ 639 या भाषांच्या कोडच्या जागतिक यादीत दोघींची नोंद वरवर सारखीच आहे. एस्परान्तोचा दोन अक्षरी कोड ई-ओ आणि तीन अक्षरी ई-पी-ओ. उझबेकचा यू-झेड आणि यू-झेड-बी. दोन अक्षरी कोड दोनशेहून कमी भाषांना मिळालेत, तीन अक्षरी हजारो भाषांना. (आपल्या कोकणीला दोन अक्षरी कोड नाहीच, तिचं के-ओ-के वरच भागवावं लागतं.) वेबसाइटसाठी नियम सरळ आहे: दोन अक्षरी कोड असेल तर तोच घालायचा. खरेदीदाराने मुद्दाम मागितल्याशिवाय तीन अक्षरी कोडच्या मागे लागू नका.

एस्परान्तोचं काम इथेच संपतं. झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती रचली आणि 1887 साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक छापलं. तिला स्वतःचा देश नाही आणि लिपी एकच, लॅटिन, म्हणजे इंग्रजीची रोमन. म्हणून ई-ओ लिहिलं की पुरे. काळजी फक्त फॉन्टची: तिच्या सहा अक्षरांच्या डोक्यावर खुणा असतात. काही जण त्या खुणांऐवजी पुढे एक्स टाइप करतात. तसा मजकूर असेल तर आधी सांगा, कारण सगळे एक्स सरसकट बदलले तर मुळातच एक्स असलेली नावं बिघडू शकतात.

उझबेकला मात्र नुसतं यू-झेड पुरत नाही. ही भाषा आधी अरबी लिपीत लिहिली जायची. 1920 च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन आली, 1940 मध्ये सिरिलिक (रशियन जिच्यात लिहितात ती लिपी), आणि 1993 च्या कायद्याने उझबेकिस्तानने पुन्हा लॅटिनची वाट धरली. तरी सिरिलिक गेलेली नाही. आजही तिथे दोन्ही चालतात. अफगाणिस्तानातले उझबेक अरबी लिपीतच लिहितात. तीन अक्षरी यादीतही यू-झेड-बी ही नुसती छत्री आहे. तिच्याखाली उत्तरेकडची यू-झेड-एन आणि दक्षिणेकडची, म्हणजे अफगाणिस्तानातली, यू-झेड-एस अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. म्हणून भाषेच्या कोडपुढे आडवी रेघ देऊन लिपीचा चार अक्षरी कोड लागतो: लॅटिनसाठी एल-ए-टी-एन, सिरिलिकसाठी सी-वाय-आर-एल, अरबीसाठी ए-आर-ए-बी. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे लेबलची सगळी मांडणीच उलटते. हे डिझाइन झाल्यावर कळलं तर काम पहिल्यापासून करावं लागतं.

आणखी एक घोळ नेहमीचा. यू-झेड हा उझबेकिस्तान देशाचाही कोड आहे, त्यामुळे 'यू-झेड पाहिजे' एवढ्यावरून तुम्हाला भाषा हवी की देश ते कळत नाही. उझबेकिस्तानात रशियन वाचणारेही पुष्कळ आहेत आणि तुमच्या खरेदीदाराला कदाचित तीच हवी असेल. आपल्या मराठीचंही तेच: एम-आर भाषा म्हणून मराठी, देश म्हणून मॉरिटानिया! साधारण रीत अशी की भाषेचा कोड लहान (स्मॉल) अक्षरांत आणि देशाचा कॅपिटलमध्ये लिहायचा, पण संगणक हा भेद पाळेलच असं नाही. म्हणून फॉर्मवर कोडशेजारी भाषेचं नावही मराठीत लिहा.

लिपी कोणती ते ठाऊक नसेल तर खरेदीदाराकडून त्यांच्या एखाद्या जुन्या लेबलचा फोटो मागवून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा, आम्ही ओळखतो. लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही हव्या असल्या तर भाषांतराचे पैसे एकदाच लागतील; दुसऱ्या लिपीसाठी फक्त लिप्यंतर, तपासणी आणि मांडणीचे पैसे घेतले जातील.