मूलपेशी, झिजलेले गुडघे आणि पुन्हा उगवणारे अवयव: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या पेढीत गुडघ्याचे पट्टे, वॉकर, कुबड्या आणि मधुमेहींसाठीच्या एमसीआर, म्हणजे मऊ रबराच्या, चपला मिळतात, तसेच मागच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय मापाने तयार करून बसवून दिले जातात. या वस्तूंसाठी येणारे अनेक ग्राहक अलीकडे विचारतात की, स्टेम सेलच्या इंजेक्शनाने गुडघा पूर्वीसारखा होतो असे ऐकले, ते खरे आहे का. ज्यांचा पाय अपघातामुळे किंवा मधुमेहामुळे कापावा लागला आहे, त्यांच्या घरची माणसे पाय पुन्हा उगवण्याची काही सोय पुढेमागे होईल का, असेही विचारतात. दुकानात उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. मूलपेशींचे, म्हणजेच स्टेम सेलचे, कोणतेही उपचार आम्ही करत नाही आणि कोणत्याही केंद्राकडे ग्राहक पाठवत नाही. मात्र गुडघे खरोखरच नवे होऊ लागले तर आमच्या पट्ट्यांचा खप घटेल हे उघड आहे, तेव्हा वाचताना तेवढे लक्षात ठेवावे आणि निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

जे सिद्ध झाले आहे

शरीरातील बहुतेक पेशी एकच ठरलेले काम करतात आणि ठरावीक काळाने मरतात. मूलपेशींचे तसे नसते. त्या विभागल्या की काही मूलपेशीच राहतात आणि काहींपासून विशिष्ट कामाच्या पेशी तयार होतात. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे २०० अब्ज नव्या लाल पेशी तयार होतात. हे काम मज्जेतील मोजक्या मूलपेशींवर चालते, याचा पहिला ठोस पुरावा कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडला.

रक्ताच्या कर्करोगावर, थॅलसेमियावर आणि मज्जेच्या काही अन्य विकारांवर केले जाणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मूलपेशींचाच उपचार आहे. त्याचा पाया घालणारे अमेरिकी डॉक्टर डोनॉल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये प्रथम यशस्वी झाले. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, त्यांच्यातील जनुकांत बदल करून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेल आजारासाठी मान्यता दिली. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार किती घरांत आहे हे आपण जाणतो; पण अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर असल्यामुळे तो आपल्या दारी कधी पोहोचेल हा विज्ञानाइतकाच पैशाचा प्रश्न आहे.

रक्ताच्या खालोखाल यश मिळाले आहे ते पातळ थरांच्या बाबतीत. चुना किंवा ॲसिड डोळ्यात गेल्याने बुबुळाच्या कडेवरच्या मूलपेशी नष्ट होतात आणि बुबुळ पांढुरके होऊन दिसेनासे होते. अशा वेळी दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम २ मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण बिघडलेल्या डोळ्यावर पसरण्याची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉक्टरांनी २०१२ मध्ये जगापुढे मांडली. जर्मनीतील बोखुम येथे जन्मजात आजाराने जवळजवळ सगळी त्वचा गमावलेल्या ७ वर्षांच्या मुलाला, त्याच्याच पेशींत दुरुस्ती करून वाढवलेली त्वचा शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवण्यात आली. त्याचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीतील मोदेना येथे वाढवलेली ही त्वचा टिकली, कारण तिच्यात मूलपेशी होत्या आणि त्या पुढे थर घालत राहिल्या.

जे चाचणीत आहे

पूर्ण वाढ झालेली पेशी मागे नेता येते आणि तिच्यापासून पुन्हा जवळपास कोणतीही पेशी बनवता येते, हे जपानमधील क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींवर दाखवले. त्यासाठी त्यांनी केवळ चार जनुके वापरली. २०१२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांच्यासोबत, बेडकांवर असेच मूलभूत काम करून ठेवलेले ब्रिटनचे जॉन गर्डन होते. जपानमध्ये २०१४ साली अशा पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाखालचा थर सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या डोळ्यात बसवण्यात आला; पुढच्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळल्याने शास्त्रज्ञांनी स्वतःहून काम थांबवले. पैसे घेऊन कसल्याही पेशी टोचणाऱ्यांमध्ये आणि खऱ्या संशोधकांमध्ये फरक काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

मधुमेही ग्राहकांसाठी एक बातमी महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवून त्या टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना देण्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावे लागते. शिवाय ज्यांना पोक्त वयात मधुमेह झाला आहे त्यांचा आजार बहुधा टाइप २ असतो. आमचे बहुतेक मधुमेही ग्राहक याच गटातील आहेत, आणि ही चाचणी त्यांच्यासाठी नव्हती.

पाय पुन्हा का उगवत नाही

हात किंवा पाय म्हणजे एका जातीच्या पेशींचा ढीग नव्हे. हाडे, सांधे, स्नायू, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या योग्य जागी, योग्य मापात आणि योग्य क्रमाने घडाव्या लागतात. मेक्सिकोतील ॲक्सोलॉटल नावाचा उभयचर प्राणी हे सहज करतो. पाय तुटला की जखमेवर त्वचेचा पातळ थर येतो, त्याखाली वाढत्या पेशींची गाठ तयार होते आणि तिच्यातून नेमका तुटलेला तेवढाच भाग, बोटांसकट, परत येतो. या पेशी आपण स्नायूंच्या की कुर्च्याच्या (सांध्यातील हाडांवर असते त्या लवचीक आवरणाच्या) हे बहुतांशी विसरत नाहीत आणि आपण मांडीजवळ आहोत की घोट्याजवळ हेही त्यांना कळते. जखमेपर्यंत मज्जातंतू पोहोचला नाही तर मात्र त्या प्राण्यातही पाय वाढत नाही. गोड्या पाण्यातील हायड्रा तर छोट्या तुकड्यातून सबंध प्राणी घडवतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर अनेक वर्षे अभ्यास झाला आहे. आपल्या घरातील पालीची शेपटीही पुन्हा येते, पण नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कुर्च्याची सलग नळी असते. म्हणजे निसर्गातही पुन्हा उगवलेले सगळेच मूळच्यासारखे असते असे नाही.

माणसात जखम भरण्याची पद्धत वेगळी आहे. शरीर घाईने जखम बंद करते, तेथे व्रण तयार होतो आणि पुढची घडण थांबते; रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांपासून जीव वाचवण्यासाठी ही घाई उपयोगाचीच आहे. तरीही लहान मुलाच्या बोटाचे टोक नखाच्या मुळाच्या पुढे तुटले आणि जखम टाके न घालता नुसती झाकून ठेवली तर ते बऱ्याचदा पुन्हा भरून येते, असे इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९७४ मध्ये नोंदवले आहे. यकृताचा मोठा भाग दान केला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांत जवळपास मूळ आकारमानाला येते, पण ते मुख्यतः त्याच्या नेहमीच्या पेशी विभागल्यामुळे.

या दिशेने सर्वांत लक्षणीय प्रयोग अमेरिकेत झाला. पूर्ण वाढलेल्या आफ्रिकी बेडकाचा पाय आपोआप परत येत नाही. तुटलेल्या जागी एक रेशमी जेलची टोपी पाच औषधांसह फक्त २४ तास बसवली असता पुढच्या १८ महिन्यांत पायासारखा, हालणारा अवयव वाढल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नव्या मूलपेशी घातलेल्याच नव्हत्या, असलेल्या पेशींना दिशा दिली होती. बेडकापासून माणसापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. ज्यांनी आज पाय गमावला आहे त्यांनी या आशेवर कृत्रिम पायाचे माप देणे लांबवू नये, कारण स्टंपचे, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाचे, स्नायू वापराविना क्षीण होतात आणि सांधा आखडला की सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर बसणारी खोबण, नीट बसवणे अवघड जाते.

सबंध अवयव प्रयोगशाळेत वाढवण्यातील अडचण प्राणवायूची आहे. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे रक्तवाहिन्यांचे जाळे नसलेला मांसल गोळा आतून मरू लागतो. ही अडचण ओलांडल्याचा आभास किती घातक ठरतो हे स्वीडनमध्ये दिसले: पाओलो माक्कियारिनी या शल्यचिकित्सकाने प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर मूलपेशी लावून ती रुग्णांच्या शरीरात बसवली, त्या रुग्णांचा मृत्यू झाला आणि २०२३ मध्ये त्याला न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

गुडघ्याविषयी

गुडघ्याच्या हाडांवरील कुर्च्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तिची झीज भरून येणे कठीण. खेळताना किंवा अपघातात कुर्च्याचा एखादा ठरावीक तुकडा निघून गेला असेल तर रुग्णाच्याच कुर्च्याच्या पेशी वाढवून त्या खड्ड्यात भरण्याची शस्त्रक्रिया १९९४ मध्ये स्वीडनमधून पुढे आली आणि ती आज मान्यताप्राप्त आहे. त्या पेशी मूलपेशी नसतात, आणि ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने तरुण, बाकी निरोगी गुडघ्यासाठी असते. वयाबरोबर सबंध सांधा झिजतो तो संधिवात वेगळा. त्यात हाड, आवरण, वंगण देणारे अस्तर असे सगळेच बिघडलेले असते.

अशा झिजेसाठी दात्याच्या अस्थिमज्जेपासून बनवलेल्या एका पेशी-औषधाला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. ते मध्यम झिजेसाठी आहे आणि त्याचा मुख्य दावा वेदना कमी होण्याचा आहे. अगदी हाडाला हाड घासत असलेला गुडघा त्याने नवा होईल अशी अपेक्षा धरू नये. दुसरीकडे, अमेरिकेत साडेचारशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जेतील, चरबीतील आणि नाळेतील पेशींची इंजेक्शने नेहमीच्या स्टिरॉइड इंजेक्शनाशी ताडून पाहिली, तेव्हा वर्षभराने त्यांपैकी एकही सरस ठरले नाही आणि एमआरआयतही फरक दिसला नाही. पीआरपी म्हणून दिले जाणारे इंजेक्शन हे स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्सचे असते. त्याला स्टेम सेल म्हणून पैसे मागितले जात असतील तर तेथून उठून यावे.

तंबाखू आणि विडीमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या बर्जर आजारातही पेशी-औषधाला भारतात मान्यता आहे, आणि आमच्या मते गुडघ्यापेक्षा हा वापर अधिक मोलाचा आहे, कारण त्यात प्रश्न पाय वाचवण्याचा असतो. विडी सोडल्याशिवाय मात्र कोणतेही औषध तेथे पुरे पडत नाही.

पैसे देण्यापूर्वी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठी असलेले मान्य प्रत्यारोपण आणि नियामकांनी मान्य केलेली औषधे वगळता मूलपेशींचा कोणताही वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून केंद्राकडे भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतील क्रमांक मागावा. तो आंतरजालावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. क्रमांक सांगतात आणि शुल्कही मागतात, असे असेल तर ते का, हे लेखी विचारावे. स्वमग्नता, पक्षाघात, मणक्याची इजा, गुडघा आणि केस गळणे या सगळ्यांवर एकच पेशी चालते असे सांगणाऱ्या जाहिरातीला आम्ही तरी भुलणार नाही. पेशी स्वतःच्याच असल्या की धोका नसतो हेही खरे नाही: फ्लोरिडात पोटाच्या चरबीतील पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले, आणि त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेण्यात आले होते.

नातवंडांच्या नाळेचे रक्त खासगी पेढीत साठवावे का, असेही आजी-आजोबा विचारतात. पुढे त्याच मुलाला कधीतरी उपयोग होईल म्हणून ते साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचे संशोधन परिषदेने स्पष्ट केले आहे. घरातील दुसऱ्या मुलाला थॅलसेमियासारखा आजार असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो सल्ला रक्तविकारतज्ज्ञांनी द्यायचा असतो.

ज्या ग्राहकांची कुर्च्याच्या पेशींची शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा जे नोंदणीकृत चाचणीत सहभागी होत आहेत, त्यांनी पट्टा अथवा कुबड्या घेण्यापूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी. पायावर किती भार टाकायचा आणि गुडघा किती अंशांपर्यंत वाकवायचा हे अशा वेळी काही आठवडे काटेकोरपणे ठरलेले असते. बिजागरीचा ब्रेस आम्ही त्या अंशांवर लावून देतो, आणि चिठ्ठी नसेल तर तो देत नाही.