कोंगा ठेवला म्हणून लॅटिन होत नाही

पणजीत हल्ली जुनी हिंदी गाणी 'जॅझमध्ये' वाजवणारे बँड रग्गड झालेत. त्यांतलं निम्मं लॅटिन असतं, पण लोक सरसकट जॅझ म्हणतात. नाहीतर कोपऱ्यात कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उभा क्युबन ढोल, दिसला की लगेच लॅटिन. वाद्यांवरून ओळखायचा नाद सोडा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो दोन्हीकडे असतात. सिनेसंगीताशी हा संसारही नवा नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन होतेच.

खरी गोम मात्रेच्या पोटात आहे. आठ मात्रांचा केरवा तुम्हाला येतोच, त्यावरूनच सांगतो. इथे दोन मात्रांचा एक ठोका धरा.

जॅझच्या स्विंगमध्ये ठोक्याचे सरळ दोन भाग पडत नाहीत. तीन करायचे, पहिले दोन धरून ठेवायचे, तिसरा वाजवायचा: दाऽ-द, दाऽ-द. केरव्याच्या अंगात तीन-तीनचा दादरा शिरल्यासारखं. म्हणून ते डुलतं. खाली बास प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत चालतो.

क्युबाकडून आलेल्या लॅटिनमध्ये भाग अगदी समान असतात. तिथला झोक क्लाव्हेचा, म्हणजे पाच टाळ्यांच्या एका ठरलेल्या साच्याचा. केरव्याची दोन आवर्तनं घ्या, १६ मात्रा, आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. हा सांगाडा कुणी वाजवला नाही तरी सगळ्यांच्या डोक्यात चालू असतो. बास बहुतेकदा सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळतो आणि दर आठांतल्या चौथ्या-सातव्या मात्रेवर पडतो. घुमटावर (आपलं मातीचं तालवाद्य) आरत्या वाजवणाऱ्या फोंड्यातल्या दोन पोरांना ही टाळी दहा मिनिटांत जमली. क्लास केलेल्या गिटारवाल्याला आठवडा लागला.

सिनेमाची चाल बांधताना क्लाव्हे कुणाच्या मनात नसतो. त्यामुळे मुखडा तीनच्या बाजूने सुरू करायचा की दोनच्या, हे आधी ठरवावं लागतं. चुकलं तर प्रत्येक जण बरोबर वाजवतो आणि गाणं मात्र अडखळतं. मुखडा लॅटिन, अंतरा स्विंग असं चालतं, मला तर तेच आवडतं; पण बदल ऐकू यायला हवा.

बोसा नोव्हा ब्राझीलचा, सांबाच्या घरातला. गाणं नुसतं संथ केलं की तो होत नाही, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनो.

गेल्या डिसेंबरात एका लग्नात 'आता लॅटिन!' अशी घोषणा झाली. कोंगावाला चक्क केरवा वाजवत होता, बास चारही ठोके चालत होता. मी टेबलाखाली १, ४, ७ धरून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.