थेंब पृष्ठभागामुळे की मिश्रणामुळे?

थंड नळीवर वाफ निवून थेंब उभे राहिलेले दिसले की आपण लगेच म्हणतो, पृष्ठभाग पाणी झटकणारा आहे. नुसत्या पाण्याच्या वाफेबाबत हे बहुधा खरं असतं. पण वाफेत थोडं इथेनॉल असेल, तर एरवी जिथे पाणी सरळ पसरतं अशा स्वच्छ तांब्यावरही थेंब उठतात.

पहिला प्रकार म्हणजे अळवावरचं पाणी. टेफ्लॉनवर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे 110 अंश भरतो. थेंब वाढतात, एकमेकांत मिसळतात, घरंगळताना वाटेतले थेंब गोळा करतात आणि मागे कोरडी जागा सोडतात. उष्णता अडवणारा पाण्याचा अखंड थरच नसतो. 1930 साली जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्मिट आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं. थरापेक्षा उष्णता कित्येक पट सहज जाते.

दुसरा प्रकार मला जास्त विलक्षण वाटतो, कारण इथे पृष्ठभाग काहीच झटकत नाही. आधी थरच बसतो. तो जिथे पातळ, तिथे त्याची वरची बाजू नळीला जवळ, म्हणून जास्त थंड. आणि थंड जागी निवलेल्या द्रवात इथेनॉल जास्त. इथेनॉलचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 22 मिलिन्यूटन, पाण्याचा 72. म्हणजे पातळ जागी ताण कमी, जाड जागी जास्त. जाड भाग शेजारचा द्रव स्वतःकडे ओढतो, आणखी फुगतो आणि थेंब होतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनीच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम तो हाच. थेंबांमध्ये कोरडी जागा मात्र नसते, पातळ थर कायम राहतो.

ओळखायचं कसं? त्याच नळीवर नुसत्या पाण्याची वाफ सोडा. थेंब जाऊन थर बसला, तर थेंब मिश्रणाचे होते.

झटकणाऱ्या लेपावर मिश्र वाफ आली की खरी पंचाईत. इथेनॉल वाढलं की निवलेला द्रव टेफ्लॉनवरही पसरू लागतो, म्हणून पाण्यावर पारखलेला लेप डिस्टिलरीच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ निववणाऱ्या यंत्रात, तसाच चालेल असं धरू नये. मिश्रणावर भिस्त ठेवायची तर तिलाही मर्यादा आहे: वजनाने सुमारे 95.6 टक्के इथेनॉलला वाफ आणि द्रव यांतलं इथेनॉलचं प्रमाण एकच होतं, आणि ओढणारा फरकच उरत नाही.