विंगर चांगला, पण कुणासाठी?

फुटबॉलच्या मैदानावर मोठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीच्या, उजव्या कोपऱ्यावर उभं राहून गोलकडे एकदा नीट बघा. रविवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीतल्या लेले मैदानावर पोरं जमली की मी त्यांना आधी हेच करायला लावतो. आखणी नियमाप्रमाणे असेल तर तो कोपरा गोलरेषेपासून 16.5 मीटरवर असतो आणि जवळच्या खांबापासून बाजूलाही 16.5 मीटरच. त्यामुळे जवळचा खांब बरोबर 45 अंशांत दिसतो. दोन खांबांमध्ये 7.32 मीटर अंतर आहे, पण या कोपऱ्यावरून ती सगळी रुंदी जेमतेम 10 अंशांच्या कोनात मावते. तेवढ्याच अंतरावर गोलच्या थेट समोर उभं राहिलं की तोच गोल 25 अंशांचा होतो.

आता बॉल घेऊन डीच्या समोरच्या रेघेवरूनच 10 मीटर आत, म्हणजे मैदानाच्या मधल्या बाजूला, या. कोन 18 अंशांवर जातो. विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू, आत का वळतो, याचं निम्मं उत्तर या भूमितीत आहे. उरलेलं निम्मं पायात आहे. उजव्या बगलेतला विंगर डाव्या पायाचा असेल तर आत येताना बॉल त्याच्या जोराच्या पायावर असतो आणि शॉट मारायला पाऊल बदलावं लागत नाही. उजव्या पायाचा असेल तर तो बाहेरून गोलरेषेपर्यंत जाऊन क्रॉस टाकतो, म्हणजे कडेवरून बॉल गोलसमोर पाठवतो. गोव्याचा लिस्टन कोलासो उजव्या पायाचा आहे. तो डाव्या बगलेतून आत येऊन लांबून शॉट मारतो, तेही याच हिशेबानं.

इथंपर्यंत प्रश्न एकट्या खेळाडूचा होता. मैदानाच्या कडेला मात्र आपल्याकडची चर्चा इथंच थांबते. "पोरगं लई जोरात पळतंय ओ, पण गोल कुठं होतोय?" असं कुणीतरी म्हणतं आणि पोरगं वाया गेलं असं ठरतं. मला ही घाई अजिबात पटत नाही. ते पोरगं कुठल्या संघात, कुणाच्या शेजारी खेळतंय, हे आधी बघायला हवं.

वेगाचंच घ्या. विंगर सेकंदाला 9 मीटर पळतो आणि त्याच्यामागचा बॅक, म्हणजे बचावपटू, 8 मीटर. दोघंही पूर्ण वेगात आहेत असं धरू. बचावफळीच्या मागं 30 मीटर मोकळी जागा असेल, तर ती संपेपर्यंत विंगर 3 मीटरहून थोडा जास्तच पुढं निघतो. म्हणजे तो मोकळा झाला. जागा 10 मीटरचीच असेल तर आघाडी उरते साधारण 1 मीटर, आणि पाय लांब करून बॅक बॉल काढून घेतो. मोकळी जागा किती मिळणार हे विंगर ठरवत नाही, त्याचा संघ ठरवतो. जो संघ मागं थांबतो, बॉल हिसकावतो आणि लगेच पुढं लांब टाकतो, त्याला अशी जागा मिळते. जो संघ बॉल स्वतःकडे ठेवून हळूहळू पुढं सरकतो, त्याच्यासमोर अकराच्या अकरा जण डीभोवती गोळा झालेले असतात. तिथं नुसत्या वेगाचं काम नसतं, दीड मीटरच्या जागेत समोरच्याला चकवणारा लागतो.

इजिप्तचा विंगर मोहम्मद सलाह जानेवारी 2014 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी संघात गेला आणि तिथं बाकावरच जास्त बसला. 2017-18 मध्ये लिव्हरपूलकडून पहिल्याच लीग हंगामात त्यानं 32 गोल केले. मधल्या वर्षांत तो इटलीत खेळला, सुधारला, हे खरंच. पण लिव्हरपूलची रचनाही त्याला हवी तशी होती. मधला आघाडीवीर फिरमिनो मागं सरकायचा, त्याच्यामागं सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, ओढला जायचा आणि त्या फटीत सलाह शिरायचा. बाहेरची रुंदी फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, सांभाळायचे. जॅक ग्रीलिशचं उदाहरण उलट्या बाजूचं. ॲस्टन व्हिलात तो मनासारखा हिंडायचा. 2021 मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी 10 कोटी पौंड मोजले आणि त्याला रेघेला चिकटून बॉल राखायचं काम दिलं. गोल कमी दिसले, लोक नाराज झाले, पण 2022-23 मध्ये सिटीनं एकाच हंगामात तीन मोठे करंडक जिंकले तेव्हा तो त्या संघात होता. बगलेत उभं राहून तो समोरच्या बॅकला बाहेर अडकवून ठेवायचा, तेव्हाच आतल्यांना वाट मिळायची. हे काम गोलफलकावर उमटत नाही.

म्हणून माझी वही वेगळी आहे. गोल मी शेवटी लिहितो. आधी लिहितो ते हे: बॉल मिळाला तेव्हा पोरगं कुठं होतं, त्याचं तोंड गोलकडे होतं की पाठ, आणि पुढच्या तीन सेकंदांत काय झालं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना ते काय करत होतं, हेही. पोरं "बॉल दे" आणि "बॉल कोडो" (कन्नडमध्ये तेच) एकाच दमात ओरडत असतात, पण ओरडणाऱ्याच्या पायांकडे बघावं. मागायला तो पळाला, की उभ्याउभ्याच मागतोय?

गोल शेवटी लिहिण्याचं कारण गणितात आहे. एखादा विंगर दर 10 शॉटना सरासरी 1 गोल करतो असं समजा. तरी 10 शॉटमध्ये एकही गोल न होण्याची शक्यता 35 टक्के असते. आणि त्याच कुवतीच्या पोराकडून 10 शॉटमध्ये 3 किंवा जास्त गोल होण्याची शक्यता 7 टक्के. म्हणजे निवड चाचणीला सारख्याच कुवतीची 14 पोरं आली, तर त्यातलं सरासरी एक पोरगं निव्वळ नशिबानं तीन गोल मारून जाणार आणि तेच निवडलं जाणार. बाकीची तेरा जण घरी जाताना स्वतःला कमी समजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या भागात पाऊसही हिशेबात धरावा लागतो. जुलैत खानापूरच्या बाजूला मैदानाचा तांबडा चिखल होतो. जमिनीवरून सरकणारा बॉल चिखलात मरतो, हवेतून गेलेल्याला चिखल अडवत नाही. त्या दिवसांत आत वळणारा बिचारा बॉलमागं घसरत राहतो आणि उंच क्रॉस टाकणारा कामाला येतो, अर्थात डीत डोकं लावायला कुणी असेल तर. नोव्हेंबरात टणक जमिनीवर याच दोघांचं नेमकं उलटं होतं.

यंदा आमच्याकडं निपाणीहून एक उजव्या पायाचं पोरगं येतं. त्याला आधीच्या संघात उजव्या बगलेत क्रॉस टाकायला ठेवलं होतं, आणि डीत तर उंच असं कुणीच नव्हतं. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं पाच रविवार एकच नोंद: आत वळला, वाट बंद. मग त्याला डाव्या बगलेत घातलं आणि मागच्या बॅकला सांगितलं, हा आत आला की तू बाहेरून पळ. पहिल्या रविवारी दोघं एकमेकांवर आदळले. दुसऱ्या रविवारी बॅक बाहेरून पळाला, समोरचा बचावपटू त्याच्यामागं गेला, आणि पोरगं डीच्या रेघेवर एकटंच उभं होतं. शॉट बाहेर गेला. वहीत मी लिहिलं: आत वळला, वाट मोकळी.