खेळातलं चिलखत खऱ्या गोळीपुढे किती टिकेल?

विज्ञानकथांवरच्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि फासे टाकून निकाल लावतो अशा खेळात, चिलखत म्हणजे एक आकडा. हा आकडा वापरायचा कसा, यावर मात्र खेळांचं एकमत नाही. 1977 च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये चिलखत घातलेल्या पात्राला गोळी लागणंच अवघड होतं. 'सायबरपंक 2020'मध्ये गोळी लागते, पण तिच्या नुकसानातून, म्हणजे तिने होणाऱ्या इजेच्या आकड्यातून, चिलखताचा आकडा वजा होतो. शिवाय चिलखत भेदलं गेलं की तो आकडा एकाने उतरतो. मला ही दुसरी पद्धत भौतिकशास्त्राच्या जास्त जवळची वाटते.

पिस्तुलाची 9 मिलिमीटरची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 360 मीटर. तिची ऊर्जा होते सुमारे 520 ज्यूल. 7.62 मिलिमीटरच्या लष्करी रायफलची गोळी वजनाला थोडीच जास्त, पण वेग सेकंदाला साधारण 850 मीटर, म्हणून ऊर्जा 3,400 ज्यूलच्या वर. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 मधल्या शोधातून आलेल्या केव्हलार धाग्यांचं जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलची त्यातून जवळपास तशीच निघून जाते. 'चिलखत असेल तर नुकसान निम्मं' हा नियम इथे साफ चुकतो. वजाबाकी बरीच बरोबर येते.

पण गोळी अडली म्हणजे माणूस ठणठणीत राहिला, असंही नाही. अमेरिकेतल्या चाचणीत जॅकेटच्या मागे माती ठेवतात आणि गोळीने त्या मातीत पडणारा खड्डा 44 मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. तेवढा धक्का छातीवर बसला तर बरगडी मोडू शकते. त्यामुळे नुकसान शून्यावर आणणाऱ्या खेळाने निदान पुढच्या फेरीत त्या पात्राला धाप लागल्याचं तरी दाखवायला हवं.

रायफलची गोळी अडवायला लागते बोरॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकची प्लेट. ती गोळीपेक्षा कठीण असते, गोळीचे तुकडे करते आणि त्यात स्वतःही तडकते. तुकडे झेलायला मागे पॉलिथिलीनचे थर असतात. तडकलेल्या जागेलगत दुसरी गोळी आली तर भरवसा नाही. शिवाय ही दोन-तीन किलोंची प्लेट झाकते जेमतेम 25 बाय 30 सेंटिमीटर. मान, बगल, मांडी उघडीच. मांडीची मुख्य धमनी फुटली तर छातीवरच्या प्लेटचा काय उपयोग? म्हणून गोळी कुठे लागली हे ठरवणारा फासा मी कधीच वगळणार नाही.

गोळी लागताच माणूस मागे उडतो, हे मात्र सोडूनच द्यावं. रायफलच्या गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 80 किलोच्या माणसाला सेकंदाला फार तर 10 सेंटिमीटरचा वेग देतो. नाहीतर बंदूक चालवणाराही तसाच उडाला असता.

आता भविष्यातली रेलगन, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणारी बंदूक घ्या. 2 ग्रॅमचा गोळा, सेकंदाला 3 किलोमीटर: ऊर्जा 9,000 ज्यूल, पण संवेग आजच्या रायफलपेक्षाही कमी. अंतराळ स्थानकाला तर याहून कितीतरी वेगवान कचऱ्याशी सामना करावा लागतो. तिथे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांची कल्पना वापरतात: बाहेर पातळ पत्रा, मग मोकळी जागा, मग मुख्य भिंत. कण पत्र्यावर फुटतो आणि त्याचा चुरा भिंतीवर पसरून आदळतो. वेग पुरेसा वाढला तर भविष्यातल्या सैनिकाचं चिलखतही असंच पोकळ, फुगीर असू शकेल. ते घालून जहाजाच्या अरुंद बोळातून जाताना पात्राला किती अडचण होईल, याचाही नियम मग खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला करावा लागेल.