उंबर फोडून केंबरं बघताना

मुळशीतल्या एका लहान शाळेची सहावी-सातवीची मुलं घेऊन मी दर महिन्याला शाळेमागच्या राईत जातो. देवराई म्हणावं एवढी ती मोठी नाही. एक ओढा, काठाने जांभूळ, करंज, हिरडा आणि मधोमध जुना उंबर. फेब्रुवारीत एका मुलीने झाडावरचं फळ फोडलं आणि "शी, किडकं!" म्हणत ती ते टाकायला निघाली. मी भिंग पुढे केलं. नंतर घंटेपर्यंत ते भिंग काही माझ्या हाती परत आलं नाही.

उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक कीटक, काढू नयेत, असं जुनी माणसं सांगतात. मुलांनी मात्र ती जरूर काढावीत. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, पण उंबराला फुलं उदंड येतात; फक्त ती फळाच्या पोटात असतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर आत वळलेली, फुलांनी अस्तर लावलेली पिशवीच. तिच्या टोकाला बारीक छिद्र असतं, तेही खवल्यांनी जवळजवळ बुजलेलं. त्यातून रेटून आत शिरते ती गांधीलमाशीच्या गणगोतातली, जेमतेम दोन मिलिमीटरची मादी. शिरताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते.

काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं. फुलांत अडकलेल्या माद्यांशी मीलन करायचं, फळाच्या भिंतीतून बोगदा कोरायचा आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. तोवर त्याच फळातली नर-फुलं उमललेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या बोगद्यातून उडून जातात. या केंबरांवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून केंबरांचा वंश चालत नाही. वड-पिंपळ-उंबरांच्या कुळाची आणि या कीटकांची ही सोबत सुमारे साडेसात कोटी वर्षांची आहे.

हे सगळं फळ्यावरही शिकवता येतं. पण फळ्यासमोर बसलेल्या मुलाला जो प्रश्न पडत नाही, तो इथे पडतो. एका मुलाने विचारलं, "सर, या तांबड्या मुंग्या फळावर नुसत्या बसून का आहेत? खात का नाहीत?" पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या मुंग्या शिकारीला बसल्या होत्या. केंबरांचे काही भाऊबंद आत शिरत नाहीत. लांब सुईसारख्या अवयवाने बाहेरूनच फळात अंडी घालतात. त्या कामात गुंतले की मुंग्या त्यांना पकडतात. 'परिसर अभ्यास' हा विषय आपण तिसरीपासून शिकवतो, आणि तो बहुतेक ठिकाणी चार भिंतींत उरकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झाडाखालच्या तासाचा फायदा शरीरालाही होतो. चीनमधल्या ग्वांगझूत 12 शाळांमधल्या पहिलीच्या 1,900 हून अधिक मुलांवर एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30.4 टक्के मुलांना लांबचं दिसण्याचा चष्मा लागण्याइतका दृष्टिदोष आला, इतर शाळांत 39.5 टक्के मुलांना. वर्गात उजेड असतो काहीशे लक्स. बाहेर सावलीतही तो हजारांत जातो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्याने बुबुळामागचा गोल लांबट होण्याला आळा बसतो, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

मातीची गोष्ट फिनलंडची. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात काही बालवाड्यांच्या अंगणात चक्क जंगलाची जमीन आणून अंथरली, शेवाळ-झुडपांसकट. तीन ते पाच वर्षांची मुलं 28 दिवस तिच्यात खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या घटकांचं पारडं जड झालं. एकूण मुलं 75च होती. तेव्हा त्यावरून ॲलर्जी टळते असं म्हणणं घाईचं होईल, पण मुलाचे हात मळले म्हणून ओरडण्याआधी थोडं थांबावं, एवढं त्यातून मी घेतलं.

सहल आणि तास यांत फरक आहे. वर्षातून एकदा बस करून अभयारण्यात जाण्यापेक्षा, चालत जाता येईल असं एकच झाड दर महिन्याला बघावं. पायांत बूट हवेत, खाजकुइली ओळखता यायला हवी, आणि आग्यामोहोळ दिसलं तर त्या बाजूला जायचं नाही.

'किडकं' म्हणणाऱ्या त्या मुलीने त्याच दिवशी खोडावरच्या कोवळ्या फळांच्या एका घोसाला लाल दोरा बांधला. घर ओढ्यापलीकडेच, त्यामुळे ती येता-जाता रोज बघायची. मार्चअखेरीस तिने मला वही दाखवली: दोऱ्याच्या घोसात अकरा फळं, त्यांपैकी तिघांना टाचणीच्या माथ्याएवढं भोक, आणि समासात तारीख.